एल-७० भंगारात काढा म्हणणाऱ्यांनी आधी गोळा बघावा

पाषाणकर
आकाशवेध यांनी परवा आपल्या सैन्याच्या जुन्या विमानविरोधी तोफांबद्दल लिहिलं: "साठच्या दशकातली एल-७० आणि हाताने फिरवायची झू-२३ हा संग्रहालयाचा माल आहे. एका ड्रोनवर शंभर गोळे उधळायचे आणि एक लागला की टाळ्या वाजवायच्या. भंगारात काढा, क्षेपणास्त्रं आणि लेझर घ्या." दोन दिवस गप्प बसलो, पण त्याखाली 'अगदी बरोबर'ची रांग लागलेली पाहून राहवेना.

एल-७० तोफ जुनी आहे, मान्य. स्वीडनचं बोफोर्सचं डिझाइन, आपल्याकडे १९६० च्या दशकात आलं. पण तोफ म्हणजे शेवटी काय? नळी, तिचं मागचं तोंड बंद करणारा ब्रीच आणि गोळा वेळेवर आत ढकलणारी यंत्रणा. एल-७० मधले ७० म्हणजे नळीची लांबी कॅलिबरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या, सत्तरपट. ४० मिमी गुणिले ७०, म्हणजे २.८ मीटर. त्यातून जवळजवळ किलोभर वजनाचा गोळा सेकंदाला सुमारे १००० मीटर वेगाने सुटतो. नळी झिजली की बदलता येते. ड्रोन पडणार की नाही हे ठरतं गोळ्याच्या फ्यूजवर, म्हणजे गोळा कधी फोडायचा ते ठरवणाऱ्या भागावर.

झू-२३ चा गोळा २०० ग्रॅमच्या आतबाहेरचा. तो आदळला तर फुटतो, नाहीतर काही सेकंदांनी आपला आपण फुटतो. हातभर रुंदीच्या ड्रोनच्या वीतभर बाजूने गेला की फुकट. ४० मिमीच्या गोळ्यात मात्र प्रॉक्सिमिटी फ्यूज बसतो. लक्ष्याजवळून जाताना तो फुटतो, अंगाला लागावा लागत नाही, आणि ही सोय १९७० च्या दशकापासून आहे. ओर्लिकॉन या स्विस कंपनीचा ३५ मिमीचा 'अहेड' गोळा त्याच्याही पुढे गेला. नळीच्या तोंडाशी असलेल्या कॉइल प्रत्येक गोळ्याचा वेग मोजतात आणि किती वेळाने फुटायचं ते जाता जाता त्याच्या फ्यूजला सांगतात. लक्ष्याच्या जरा अलीकडे तो फुटतो आणि टंगस्टनचे १५२ तुकडे, प्रत्येकी ३.३ ग्रॅमचे, पुढे फेकतो.

भांडायचंच असेल तर तोफेत गोळे भरायच्या आपल्या क्लिपमध्ये कुठला गोळा आहे यावर भांडा. तोफेच्या वयावर नको.

आकाशवेध
माझं म्हणणं अर्धंच उचललंत. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी एल-७०, झू-२३ आणि चिलखती गाडीवरची २३ मिमीची शिल्का, तिन्ही चालल्या, ड्रोन पडले, हे मी कुठे नाकारलं? पण ज्या एल-७० चं कौतुक झालं त्यांना भारत इलेक्ट्रॉनिक्सने विद्युत ड्राइव्ह, दिवस-रात्र कॅमेरे आणि आपोआप माग काढणारी यंत्रणा बसवली आहे. श्रेय त्या यंत्रणेचं. तीच क्षेपणास्त्राला जोडा.

दुसरं, वर गेलेलं खाली येतं. माझी बहीण पंजाबात सीमेजवळच्या गावात असते. त्या रात्री दिवे बंद करून पोरांना घेऊन जिन्याखाली बसली होती. सकाळी गच्चीवर करंगळीच्या पेराएवढा लोखंडाचा तुकडा सापडला. ड्रोनचा होता की गोळ्याचा, कोण सांगणार? घरातलं माणूस त्या जिन्याखाली असलं की शंभर गोळे परवडतात असं तोंडातून निघत नाही.

पाषाणकर
तुमच्या बहिणीची भीती खरी आहे, त्यावर वाद नाही. पण क्षेपणास्त्र लागल्यावर त्याचेही तुकडे खालीच येतात. आणि शंभर गोळ्यांचं काम दहांत व्हावं म्हणूनच तर चांगला फ्यूज मागतोय.

जुना_गनर
एअर डिफेन्समध्ये १९ वर्षं काढली, त्यातली बरीच एल-७० वर. तुम्ही दोघं फ्यूज आणि कॅमेऱ्यावर बोलताय. क्लिप भरणाऱ्या पोराबद्दल कोणी बोलेल का? एका क्लिपमध्ये चार राउंड, एकेक राउंड (गोळा आणि त्यामागचं दारूचं केस मिळून) अडीच किलोच्या घरात, म्हणजे दहा किलो. मिनिटाला ३०० च्या वेगाने ती क्लिप सेकंदही पुरत नाही. वरून क्लिप घालायची, वळायचं, दुसरी घ्यायची. तोफ हलतेय, रिकामी केसं पुढे खणखणत पडतायत, कानात दडे बसलेत.

आणि त्यात राउंड फुसका निघाला तर? एका रेंजवर आमची गन मधेच थांबली. हँगफायर, म्हणजे ठोका बसूनही राउंड उशिरा उडणं, असू शकतो म्हणून ड्रिलप्रमाणे नळी समुद्राकडे ठेवून थांबलो. ती मिनिटं मी आजही विसरलो नाही. नंतर राउंड काढून बघितला तर बुडाच्या कॅपवर, जी ठोक्याने पेटून दारू पेटवते, फायरिंग पिनची खूण अगदी मधोमध, खोल. म्हणजे गनने आपलं काम केलं होतं. दोष राउंडचा. प्रोग्रामेबल गोळा राहू द्या, आधी साधा गोळा धड पेटणारा द्या. सरकारी फॅक्टरीत पगार ठरलेला, राउंड पेटो न पेटो, त्यांचं काय जातंय?

फॅक्टरी_कॉलनीवाली
काय जातंय ते सांगते. माझे बाबा विदर्भातल्या एका फॅक्टरीत ३१ वर्षं फिलिंग सेक्शनला, म्हणजे गोळ्यांत स्फोटक भरायच्या विभागात, होते. शेडमध्ये जाताना आधी तांब्याच्या पट्टीला हात लावायचा, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून. कपडे सुती, बुटाला खिळा नको, हत्यारं ठिणगी न पडणारी. शेडच्या भोवती मातीचे उंच बांध, कशासाठी ते आम्हा पोरांना कोणी सांगायची गरज नव्हती. जेवायला बसले की बाबांची बोटं पिवळी दिसायची. मी लहान असताना वाटायचं, हळद लागलीय. अवेळी भोंगा झाला की कॉलनीतल्या सगळ्या बाया दारात येऊन उभ्या राहायच्या. तुमची ती काही मिनिटं तुम्ही विसरला नाहीत. आमच्या आयांनी तशी किती काढली असतील, दादा?

आणि राउंड फॅक्टरीतून निघाल्यावर कुठे कुठे राहिला? किती उन्हाळे ताडपत्रीखाली काढले? ओल कॅपमध्ये शिरते, उष्णतेने प्रोपेलंट, म्हणजे गोळा ढकलणारी दारू, उतरतं. याचा हिशेब कोण देणार?

जुना_गनर
ताई, तुमच्या बाबांशी माझं भांडण नाही. पण देशी दारूगोळ्याच्या दर्जाबद्दल सैन्यानेच तक्रार केल्याच्या बातम्या २०१९ मध्ये छापून आल्या होत्या. त्या काय सगळ्या ताडपत्रीने घडवल्या?

फॅक्टरी_कॉलनीवाली
सगळ्या नाही. पण "त्यांचं काय जातंय" हे तुम्ही सगळ्यांना धरून लिहिलंत.

आकाशवेध
यावर उपाय सोपा आहे. २०२२ मध्ये नागपूरच्या खासगी कंपनीने नौदलाला ३० मिमीचा संपूर्ण देशी गोळा दिला. तोच गोळा लष्कराच्या बीएमपी चिलखती गाडीला चालेल, दोन्हीकडे ३०×१६५, म्हणजे ३० मिमी गोळा आणि १६५ मिमी लांब केस. स्पर्धा आली की दर्जा येतो.

बीएमपीवाला_नगर
थांबा. हीच चूक दर वेळी वाचतो. केस दोन्हींचं १६५ मिमीच आहे, पण नौदलाच्या एके-६३० तोफेचा प्रायमर (तीच बुडाची कॅप) विजेवर पेटतो आणि बीएमपी-२ च्या २ए४२ तोफेचा पिनच्या ठोक्यावर. शेजारी शेजारी ठेवले तर नवख्याला फरक कळणार नाही, पण एकाचा राउंड दुसऱ्यात उडणार नाही. २३ मिमीचंही तेच. मिग-२१ च्या तोफेचं केस ११५ मिमीचं, झू-२३ आणि शिल्काचं १५२ मिमीचं. कॅलिबर एक, राउंड वेगळा.

मी नगरला शिकलो ते २ए४२ वर. ५०० राउंड, दोन वेगळे पट्टे, एकात स्फोटक, दुसऱ्यात चिलखतभेदी. गनर बटणाने पट्टा बदलतो. पट्टा भरताना एक राउंड जरी चुकीचा गेला तरी उस्ताद सगळा उतरवून परत भरायला लावायचे. एकदा रात्री साडेअकराला भरायला लावला, बोटं सोलून निघाली होती. बाकी खासगीला विरोध नाही. नागपूरच्या लोकांनी चांगलं काम केलंय.

आकाशवेध
प्रायमरचं माहीत नव्हतं. ते वाक्य मागे घेतो, स्पर्धेचं नाही.

पाषाणकर
आता मूळ मुद्द्यावर येतो. जर्मनीने २०२२ मध्ये युक्रेनला गेपार्ड या विमानविरोधी तोफगाड्या दिल्या. त्याही जुन्याच तोफा, दोन नळ्या, ३५ मिमी. ड्रोन पाडायला उत्तम ठरल्या. पण गोळा स्विस बनावटीचा होता आणि स्वित्झर्लंडने तो पुढे द्यायला परवानगी नाकारली. तोफ आहे, गनर आहे, रडार आहे, गोळा मोजून वापरायचा. शेवटी ऱ्हाइनमेटाल या जर्मन कंपनीने जर्मनीत नवी लाइन उभारली आणि पहिले गोळे सप्टेंबर २०२३ मध्ये पोचले. तोवर दीड वर्ष युद्ध होऊन गेलं होतं. आकाशवेध, तुमची क्षेपणास्त्रं आणि लेझर उद्या आणा, मी आडवा येणार नाही. पण ज्या तोफा आज उभ्या आहेत त्यांचा प्रॉक्सिमिटी गोळा आपल्याच फॅक्टरीत, भरपूर, बनायला हवा. सरकारी की खासगी, ते नंतर भांडू.

आकाशवेध
गेपार्डला रडार अंगावरच आहे, हे सोयीस्करपणे बाजूला ठेवलंत. नुसत्या डोळ्याने नेम धरायची झू-२३ काढा, यावर मी ठाम आहे. अपग्रेड केलेल्या एल-७० बद्दल… ठीक आहे, गोळा मिळाला तर राहू द्या.

जुना_गनर
रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितोय. त्या रेंजवरच्या राउंडबद्दल एक गोष्ट मी आधी लिहिली नाही. ज्या पेटीतून तो निघाला तिचं रबरी सील कडक होऊन तडकलं होतं, आतल्या पत्र्यावर गंज होता. मीच उघडली होती, मला दिसलं होतं. ती पेटी कुठे कुठे फिरून आमच्यापर्यंत आली ते मला ठाऊक नाही. "काय जातंय" हे मी लिहायला नको होतं. दर्जाबद्दलचं बाकी म्हणणं कायम आहे.

फॅक्टरी_कॉलनीवाली
बाबांना वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, पेटीवर भरल्याचं साल काय होतं ते विचार.

जुना_गनर
तिथलाच रंग गंजात गेला होता, ताई. लॉट नंबरचे शेवटचे दोन आकडे तेवढे दिसत होते.