फू हाओच्या कबरीतल्या कवड्या : चलन की साज?

ताजवा :
काल इथे लिहिलं गेलं की १९७६ साली चीनमधल्या आन्यांगला शांग राजघराण्यातल्या फू हाओ राणीच्या कबरीत ६,८०० हून जास्त कवड्या निघाल्या, 'म्हणजे इ.स.पू. १२०० च्या सुमारास चीनमध्ये कवडीचं प्रागैतिहासिक चलन होतं'. यातलं 'म्हणजे' कुठून आलं? एक तर राणीचं नाव कोरलेली भांडी त्याच कबरीत आहेत, म्हणजे तेव्हा लेखन होतं, तेव्हा 'प्रागैतिहासिक' तिथेच गळतं. दुसरं, त्या काळात कवडी मृताच्या तोंडात ठेवत, रथाच्या घोड्यांच्या साजावर ओळीने बसवत. भवानीच्या भुत्याच्या गळ्यातली माळ उद्या उत्खननात निघाली तर त्याला सावकार म्हणायचं का? चलन म्हणायला एकक हवं, त्या एककात सांगितलेली किंमत हवी आणि ती मोजून झालेली खरेदी हवी. कबरीत यातलं काहीच नाही.

मृण्मयी :
एकक आहे. शांग, म्हणजे राणीच्या, आणि त्यानंतरच्या पश्चिम झौ राजवटीच्या काळातल्या ब्राँझच्या भांड्यांवर 'फंग' कोरलेला आहे, म्हणजे कवड्यांची माळ. बहुतेक अभ्यासक पाच-पाचच्या दोन सरी, एकूण दहा कवड्या धरतात. राजाने इतके फंग दिले आणि त्याची आठवण म्हणून हे भांडं ओतवलं, असे लेख ढिगाने आहेत.

ताजवा :
राजाने दिले! बक्षीसच ते. दरबारात शालजोडी मिळते म्हणून शालीने कुणी जमीन विकत घेत नाही.

घासणी :
तुम्ही दोघंही कवडीची पाठ बघतच नाही. सगळा पुरावा तिथे आहे. पाठीला एकच बारीक भोक असेल तर कवडी दोऱ्यावर तिरकी लोंबते. पूर्ण पाठ घासून काढली की ती सपाट बसते, दातेरी फट वर राहते आणि दोरा आरपार जातो, मग कातड्यावर किंवा कापडावर शिवता येते. घासायला वाळूचा दगड आणि पाणी पुरतं, पाठीचा घुमट पातळच असतो. नुसतं टोचून भोक पाडायला गेलं की तडा कडेपर्यंत जाऊ शकतो. म्हणून आधी भोकाची कड तपासा. दोरा सतत एकाच बाजूला ओढला गेला असेल तर तिथेच झीज आणि चकाकी दिसते. उत्खननाच्या अहवालात नुसता 'कवड्या' असा आकडा छापतात आणि पाठीबद्दल अवाक्षर नसतं, याचा मला खरोखर संताप येतो.

गंडेपण :
भोकावरून चलन ठरत नाही हो! बंगालात शतकानुशतकं मालदीवची कवडी सुटीच चालली, पाठ शाबूत. ४ कवड्यांचा गंडा, २० गंड्यांचा पण, १६ पणांचा काहण, म्हणजे १,२८० कवड्या. मोजणारा चार-चार सरकवत जायचा. पश्चिम आफ्रिकेत डाहोमी राज्यात मात्र भोक पाडून माळा करत. कवडी तीच, व्यवहारही खरा, फक्त मोजायची रीत वेगळी.

घासणी :
मग माळ होती की सुटी, हे तरी पाठीवरूनच कळणार ना? चलन ठरतं असं मी म्हटलंच नाही. वाचून उत्तर द्या.

गंडेपण :
'सगळा पुरावा तिथे आहे' हे तुमचेच शब्द आहेत.

मृण्मयी :
पाठीचं पुरे. ताजव्यांना किंमत हवी होती ना? १९७५ साली शान्शी प्रांतात छीशान तालुक्यातल्या तुंगच्या गावी पुरून ठेवलेली भांडी निघाली. त्यातल्या छ्यौ वेई नावाच्या माणसाच्या, पश्चिम झौ काळातल्या भांड्यावरचा लेख वाचा. च्यू नावाच्या सरदाराने छ्यौ वेईकडून यशबाचा (जेडचा) राजदंड घेतला, किंमत ८० फंग, आणि बदल्यात १० शेतं दिली. पुढे आणखी काही वस्तू, २० फंगांच्या, त्यांची ३ शेतं. हे बक्षीस नाही, सौदा आहे.

ताजवा :
सौदा आहे, कबूल. पण एकही कवडी हातातून हातात गेलेली नाही. वस्तू गेली, जमीन आली, फंग फक्त तोंडी हिशेबाला. शिवाय भाव बघा : पहिल्या सौद्यात शेताला ८ फंग, दुसऱ्यात साडेसहाच्या थोडं वर. आणि हा लेख राणीनंतर जवळपास तीनशे वर्षांनी कोरलेला आहे.

मृण्मयी :
दोन शेतं सारख्या भावाने कुठे जातात? मोल फंगांत सांगितलं जात होतं, मी एवढंच म्हणतेय.

ताजवा :
ठीक. झौ काळात कवडी हे हिशेबाचं एकक होतं, तेवढं लिहून घ्या. फू हाओच्या ६,८०० कवड्यांना मात्र मी चलन म्हणणार नाही. त्यातल्या किती भोकाच्या आणि किती पाठ घासलेल्या, ही मोजणी कुणाकडे असेल तर इथे टाका.