जोधपूरचं राव जोधा डेझर्ट रॉक पार्क: वाटाड्या घ्यावा की आपलं आपण फिरावं?

सडाफिरस्ती
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जोधपूर. आम्ही चौघं, त्यात आई (६८, गुडघ्याची तक्रार आहे पण सपाटीवर तासभर चालते) आणि ९ वर्षांचा मुलगा. मेहरानगड किल्ल्यासाठी एक दिवस ठेवलाय, त्याच्या पायथ्याचं रॉक पार्क दुसऱ्या दिवशी सकाळी. प्रश्न असे:
१. तिथल्या निसर्ग-वाटाड्यासोबत फिरायचं की नुसतं तिकीट काढून आत जायचं?
२. आईला कुठपर्यंत नेता येईल?
३. डिसेंबरात बघण्यासारखं काय असतं? फोटोंत सगळं हिरवंगार दिसतं.
४. मुलाला वाळूच्या टेकड्या बघायच्यात. त्या तिथे आहेत का?

कातळखूण
चौथ्यापासून सुरू करतो, म्हणजे मुलाचा हिरमोड आधीच होऊन जाईल. टेकड्या नाहीत. हे वाळूचं नव्हे, खडकाचं वाळवंट. वाळू हवी तर ओसियां गाठा, जोधपूरपासून साधारण ६५ किमी.

पहिल्याचं उत्तर: वाटाड्या घ्याच. डिसेंबरात ही जागा अनोळखी माणसाला तपकिरी दगड आणि वाळक्या काटक्या एवढीच दिसते. काटकी कुठली आणि ती दगडात उभी कशी राहिली, हे सांगणारं कोणी नसेल तर तुम्ही पाऊण तासात किल्ल्याचे चार फोटो काढून बाहेर पडाल.

थोडी पार्श्वभूमी आधी वाचून जा. मेहरानगड म्युझियम ट्रस्टने २००६ साली झाडांचे अभ्यासक प्रदीप कृशन यांच्याकडे ही जागा पुन्हा मूळ रूपात आणायचं काम सोपवलं. साधारण ७० हेक्टर कातळ, आणि त्यावर सगळीकडे आपली वेडी बाभूळ. तिकडे तिला बावळिया म्हणतात. मेक्सिकोकडून आलेलं हे झाड नुसतं तोडून मरत नाही. खोड आणि मूळ जिथे मिळतात तिथल्या डोळ्यांतून पुन्हा फुटवा येतो, तोही एकाच्या जागी दहा. सोलापूर-मराठवाड्यात ज्यांनी बांधावरची वेडी बाभूळ काढलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. इथे तर मुळं खडकाच्या भेगेत. शेवटी खाणीत काम करणारे खंडवालिया लोक आणले. हातोड्याच्या आवाजावरून खडक कुठे सलग आणि कुठे भेगाळलाय हे त्यांना कळतं. त्यांनी छिन्नी-हातोड्याने मूळ खोदून काढलं आणि त्याच खड्ड्यांत थारमधल्या खडकाळ जमिनीची मूळची झाडं लावली. २०११ च्या फेब्रुवारीत पार्क लोकांसाठी उघडलं.

वाटाड्याला हे खड्डे दाखवायला सांगा. काही ठिकाणी झाड अगदी छिन्नीने कोरलेल्या कुंडीत उभं असल्यासारखं दिसतं.

थोर_आणि_कुमट
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. फोटोंतलं हिरवं ऑगस्ट-सप्टेंबरचं. जोधपूरला वर्षाला सरासरी ३५-३६ सेंटिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जुलै ते सप्टेंबर. डिसेंबरात झाडं पानं टाकून बसलेली असतात. पण ती तशी *का* बसतात, हे समजून घ्यायला हाच मोसम बरा.

थोर: खडकावर सर्वांत जास्त दिसणारं झुडूप, माणसाच्या डोक्याइतकं किंवा जास्त. निवडुंग दिसला म्हणून याला कॅक्टस म्हणू नका. आपण मराठीत दोघांना एकाच नावाने हाक मारतो, त्यातून हा घोळ होतो. फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला कॅक्टस. थोर इथलाच, युफोर्बिया म्हणजे चिकाच्या झाडांच्या गोतातला, आपल्या कुंपणावरच्या तीनधारी निवडुंगाचा भाऊबंद. ओळखायची खूण: थोराचे काटे जोडीजोडीने येतात, कॅक्टसचे एका ठिपक्यातून झुबक्याने. थोराला पावसाळ्यात पानं येतात आणि नंतर गळतात. मग हिरवं खोडच अन्न तयार करतं. चीक डोळ्यात गेला तर जबर आग होते, त्यामुळे फांदी मोडून बघण्याचा मोह टाळावा, आणि मुलाला तर आधीच बजावून ठेवा.

थोराच्या झुडपाच्या मधोमध नीट बघा. बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून त्याच्या आडोशाला दुसऱ्या झाडांची रोपं वाढतात. अनेकदा आतून कुमट वर आलेला दिसतो.

कुमट: याला प्रत्येक पेऱ्यावर तीन आकडे. दोन वर वळलेले, मधला खाली. त्यामुळे शर्ट अडकला की पुढे ओढला तरी फाटतो, मागे ओढला तरी फाटतो. थांबून हाताने सोडवायचा, दुसरा इलाज नाही. खाण्याचा जो डिंक जगभर 'गम अरेबिक' म्हणून विकला जातो तो याचाच. बिया पंचकुटा या पाच वाळवलेल्या जिनसांच्या मारवाडी भाजीत पडतात. त्याच भाजीतला केर म्हणजे आपली नेपती. तीही इथे आहे.

शिवाय बुईची पांढरी लोकरीसारखी बोंडं, खींपच्या बिनपानांच्या हिरव्या काड्या, गुग्गुळ. गुग्गुळाची साल कागदासारखी सुटते, ती सोलू नये. खेजडी म्हणजे आपली शमी खूप असेल असं लोक धरून चालतात. तिला खोल माती लागते, कातळावर तिचं राज्य नाही.

कातळखूण
दगडाबद्दल राहिलं, आणि मराठी माणसाने तर हे बघायलाच हवं. पायाखालचा तांबूस-जांभळट खडक रायोलाइट, सुमारे ७५ कोटी वर्षांचा. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटींच्या घरातला. दोन्ही ज्वालामुखीचेच, मग रूप इतकं वेगळं का? बेसॉल्टच्या लाव्ह्यात सिलिका कमी, साधारण निम्मी, म्हणून तो पातळ आणि लांबवर पसरणारा. त्यातून आपल्याकडच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या टेकड्या झाल्या. रायोलाइटमध्ये सिलिका सत्तर टक्क्यांवर, म्हणून लाव्हा घट्ट. वायू आत कोंडतो, स्फोट होतो, आणि गरम राख साचून वितळून एकजीव होते. इथला बराच खडक असा राखेतून झालेला आहे. त्यावर नंतरच्या काळाचा वालुकाश्म बसलाय आणि किल्ला त्याच वालुकाश्माचा बांधलाय. हे दोन खडक जिथे भेटतात ती किल्ल्याजवळची जागा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवली आहे.

सडाफिरस्ती
मस्त माहिती, दोघांचेही आभार. आईचं सांगा ना कोणीतरी. आणि कपडे, बूट?

निवांतवाट
आईंसाठी: प्रवेश सिंघोरिया पोल या जुन्या वेशीतून आहे आणि माहिती केंद्र त्या वेशीतच आहे. खडकांचे नमुने आणि झाडांची माहिती तिथे नीट मांडलेली आहे. लगतच थारमधल्या झाडांची बाग आणि रोपवाटिका आहे. एवढं त्यांना सावकाश, बसत-उठत बघता येईल. खाली घळीत उतरणाऱ्या वाटांवर मात्र दगडी पायऱ्या आणि ओबडधोबड उतार आहेत. गुडघ्याला त्रास चढण्यापेक्षा उतरताना होतो, आणि खाली गेल्यावर परत वर यावंच लागतं. वाटा रंगांच्या खुणांनी दाखवल्यात आणि अंतराने लहान आहेत. पण अंतर लहान म्हणजे वाट सोपी, हा हिशेब इथे चुकतो. काठी असली तरी आईंना घळीत नेऊ नका असंच म्हणेन. वाटाड्याला सुरुवातीलाच सांगा की पहिली वीस मिनिटं सगळे वरच थांबणार, मग तिघे खाली. बहुतेकदा तो तशी वेळ जुळवून देतो.

घळीतून जाणारा जुना कालवा आवर्जून बघा. डोंगरावरचं पावसाचं पाणी किल्ल्याखालच्या राणीसर-पदमसर तलावांत आणायला तो खडकात कोरून काढलाय. मुलाला वाळूऐवजी हे आवडेल.

बूट: तळव्याला खाचा असलेले, घोटा झाकणारे. चपला-फ्लोटर नकोत. सुटे खडे गोट्यांसारखे घसरतात, आणि काटा वहाणेच्या कडेने शिरतो. पँट गुळगुळीत कापडाची. लोकरी किंवा जाड सुती मोजे घातलेत तर भुरुट गवताची कुसळं इतकी चिकटतात की मोजा टाकूनच द्यावा लागतो. खिशात एक जुना कंगवा ठेवा, कुसळं त्याने निघतात. बोटाने काढायला गेलात तर बोटात शिरतात.

वेळ: उघडण्याच्या वेळेलाच पोचा. पक्षी तेव्हाच, आणि डिसेंबर असला तरी अकरानंतर कातळावर ऊन लागतं. पहाटे मात्र थंडी असते, म्हणून दोन पातळ थर घाला, एक काढता येईल असा. माणशी एक लिटर पाणी. उघडण्या-मिटण्याच्या वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, आणि वाटाडे मोजकेच असल्याने नाताळच्या आठवड्यात आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवून घ्या. आयत्या वेळी गेलात की गट मोठा होतो, आणि मागच्या माणसाला काही ऐकू येत नाही.

पार्कचं तिकीट वेगळं, किल्ल्याचं वेगळं. रिक्षावाल्याला नुसतं 'मेहरानगड' म्हटलंत तर तो सरळ किल्ल्याच्या दारात सोडेल.

थोर_आणि_कुमट
एक पुरवणी. मुलाला झाडांची गोडी लागली तर दुपारी काझरी बघता येईल का ते विचारून ठेवा. शुष्क प्रदेशावर संशोधन करणारी ही केंद्रीय संस्था १९५९ पासून जोधपुरातच आहे. आणि हातात आणखी एक दिवस असेल तर फलोदीजवळचं खीचन गाव. हिवाळ्यात करकोचे हजारोंनी उतरतात, डिसेंबर त्याचा ऐन मोसम. त्यासाठी मात्र पहाटे अंधारात निघावं लागेल.