मदत हवी आहे: गावातला बंद ३१ मेपर्यंत वाढवायचा आहे, ठरावाचा नमुना द्या

नवा_उपसरपंच (१९ मे २०२१, रात्री १०.०५)
गावात कडक बंद चालू आहे, २२ तारखेला संपतो. कोरोनाचे पेशंट अजून निघूनच राहिले, म्हणून ३१ पर्यंत वाढवायचा आहे. कलम वगैरे टाकलेला ठरावाचा नमुना कोणाकडे असेल तर टाका. विनामास्क ५०० आणि दुकान उघडं दिसलं तर ५००० दंड, हेही त्यातच बसवायचं आहे. ग्रामसेवकाकडे तीन गावं, फोन लागत नाही. उद्या सकाळीच पाहिजे.

तहसील_कट्टा (१०.१८)
मुदत कोणाच्या आदेशाची संपते? जिल्हाधिकाऱ्यांच्या, उपविभागीय अधिकाऱ्यांच्या की ग्रामपंचायतीच्या? तालुका कोणता? सक्रिय रुग्ण किती आणि किती घरांत? गाव प्रतिबंधित क्षेत्र जाहीर झालं आहे का?

नवा_उपसरपंच (१०.२४)
बंद सर्वांनी मिळून केला आहे. तालुका सांगून काय होते, नमुना तर सगळीकडे सारखाच असते न.

वऱ्हाडी_ठेचा (१०.३१)
घ्या भाऊ, काहून एवढं डोकं लावता. "आजच्या मासिक सभेत विषय क्र. ४ नुसार साथरोग अधिनियम १८९७ अन्वये गावातील संचारबंदी दि. ३१/०५/२०२१ पर्यंत वाढविण्यात येत आहे. उल्लंघन करणाऱ्यास रु. ५०००/- दंड. सर्वानुमते मंजूर." सूचक, अनुमोदक, सह्या, शिक्का. झालं. तारीख १८ ची टाकून द्या म्हणजे नोटीसची भानगड नाही.

कायदा_वाचा (१०.४७)
वरचा नमुना कृपया कोणी वापरू नका. त्यात तीन चुका आहेत.

१८९७ च्या कायद्याचं कलम २ राज्य शासनाला अधिकार देतं, ग्रामपंचायतीला नाही. शासनाने १४ मार्च २०२० च्या नियमावलीने तो खाली जिल्हाधिकारी, मनपा आयुक्त यांच्यापर्यंत आणला. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मधलं कलम ३४ जिल्हा प्राधिकरणासाठी आहे, त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. दोन्हींत ग्रामपंचायत कुठेच नाही. जो आदेश काढता येत नाही तो वाढवता कसा येईल?

दंडाचंही तेच. शासनाच्या आदेशात विनामास्क ५०० आणि थुंकण्याला १००० आहेत. ५००० तुम्ही कुठून आणले? भादंवि (भारतीय दंड संहिता) कलम १८८ लागते ती लोकसेवकाने कायदेशीररीत्या काढलेला आदेश मोडला तर, आणि त्यातही न्यायालय दखल घेतं ते संबंधित अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवर. ठराव मोडला म्हणून १८८ लागत नाही.

मागची तारीख टाकणं म्हणजे इतिवृत्तात खोटी नोंद. ती अंगाशी आली तर सरपंच आणि सचिव दोघांच्याही येते.

वऱ्हाडी_ठेचा (१०.५५)
२०२० मध्ये अर्ध्या वऱ्हाडानं असेच ठराव केले, कोणाले फाशी झाली सांगा. कायदा सांगत बसता तोवर अर्धं गाव आयसोलेशनमध्ये जाईन.

कायदा_वाचा (११.०२)
लोकांनी ठराव पाळला तो स्वतःहून. एकाने पावती मागितली की सगळं उघडं पडतं.

दूरदेशी (११.१०)
आपल्याकडे हे फार ढिसाळ आहे. कॅलिफोर्नियात शहराच्या अधिकाऱ्याने स्थानिक आणीबाणी जाहीर केली तर ७ दिवसांत सिटी कौन्सिलने तिला मंजुरी द्यावी लागते, नाहीतर ती संपते. पुढे किमान दर ६० दिवसांनी तिची गरज उरली आहे का ते कौन्सिलला तपासावं लागतं. मुदतवाढ उघड सभेत, मतदानाने.

तहसील_कट्टा (११.१४)
इथे उलटं आहे. निवडून आलेली सभा खाली, आदेश वरून. जमावबंदीचा कलम १४४ चा आदेशही एका वेळी दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, पुढचा अधिकार राज्य शासनाचा. असो, भाऊंचा प्रश्न गावाचा आहे.

पऱ्हाटी (११.२०)
कोव्हिशिल्डचा दुसरा डोस आता १२ ते १६ आठवड्यांनी आहे, १३ मेपासून. ८४ दिवस झाल्याशिवाय केंद्रावर जाऊ नका, परत पाठवतात.

नवा_उपसरपंच (११.२६)
लस कोणी विचारली नाही राजेहो. बरं, ऐका. ठराव झालेला नाही. १४ तारखेला मंदिरासमोर बसून ठरलं आणि भोंग्यावरून सांगितलं. येण्याच्या दोन रस्त्यांवर बोराटी (बोरीच्या काटेरी फांद्या) टाकली आहे. पेशंट ११, सगळे वॉर्ड दोनमध्ये, सहा घरांत. आता सांगा.

निवृत्त_विस्तार_अधिकारी (११.४१)
म्हणजे वाढवायला कागदच नाही. हे आधी सांगितलं असतं तर वरचे दहा निरोप वाचले असते.

आधी बोराटी काढा, आजच्या आज. रात्री १०८ ची गाडी आली तर ती काढायला दहा मिनिटं जातात आणि ड्रायव्हर काटे पाहून परत वळवतो. शिवाय रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा बांधकाम विभागाचा असतो. कोणी तक्रार केली तर अडवणाऱ्यावर भादंवि ३४१ (वाट अडवणं) लागू शकतं. नाका हवा असेल तर बांबूचा उचलता येणारा आडवा ठेवा आणि तिथे माणूस बसवा.

मग मुदतवाढीच्या नादी न लागता प्रस्ताव करा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे पत्र, प्रत तहसीलदारांना. त्यात सक्रिय रुग्ण किती, कोणत्या घरांत (घर क्रमांक नमुना ८ मधून, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीतून घ्या, "पाटलाच्या वाड्यामागे" असं लिहू नका), शेवटचा रुग्ण कोणत्या तारखेला निघाला. सोबत हाताने काढलेला कच्चा नकाशा आणि चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दी. प्रस्ताव परत येतात ते चतुःसीमेमुळे. ती नसेल तर कठडा कुठे लावायचा हे पोलिसांना कळत नाही.

अख्खं गाव सीमेत टाकू नका. गिरणी, रेशन दुकान, कृषी केंद्र, दूध संकलन सगळंच आत गेलं की लोक बांधावरून निघतात आणि सीमा फक्त कागदावर उरते. मे-जूनचं मोफत ५ किलो धान्य आत्ताच वाटायचं आहे, ते अडलं तर पहिली बोंब तुमच्यावर. रुग्ण सहा घरांत आहेत तर त्या गल्ल्या आणि आजूबाजूची घरं, एवढंच मागा. आत-बाहेर एकच वाट.

राज्याचा आदेश तसाही १ जूनच्या सकाळी ७ पर्यंत आहे. तुमचं "३१ पर्यंत" त्याच्याशी सात तासांनी चुकतं. एका रात्रीच्या फटीत चौकात गर्दी होते, म्हणून तारखेसोबत वेळही लिहा.

पऱ्हाटी (११.५०)
कृषी केंद्राच्या वेळा जिल्ह्याच्या आदेशात वेगळ्या असतात, ते पाहून घ्या. सोयाबीनचं घरचं बियाणं असेल तर दुकानात जायचीच गरज नाही. १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगेत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं, सहा-सात दिवसांनी मोजायचे. ७० उगवले तर एकरी ३० किलो. ६० च्या खाली असेल तर पेरू नका.

वऱ्हाडी_ठेचा (११.५३)
आता सोयाबीन पण आलं. तूर राहिली फक्त.

नवा_उपसरपंच (२० मे, सकाळी ६.४०)
बोराटी काढली. प्रस्ताव करतो. पण तोपर्यंत गावाने ऐकलं पाहिजे, त्यासाठी ठराव तर लागतेच ना? आज सभा घेऊ का?

निवृत्त_विस्तार_अधिकारी (७.०५)
आज होत नाही. साध्या सभेला पूर्ण तीन दिवस आणि विशेष सभेला पूर्ण एक दिवस आधी नोटीस लागते. आज नोटीस बजावली तर २१ मोकळा जातो, सभा २२ ला. ग्रामसभेचा विचारही करू नका. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते लागतात, आणि एवढी माणसं बसवणं हेच आदेशाचं उल्लंघन.

ठरावात "बंदी" आणि "दंड" हे शब्द नकोत. असं लिहा: "वॉर्ड क्र. २ मधील वाढती रुग्णसंख्या पाहता ही सभा ग्रामस्थांना आवाहन करते की, दि. १ जून २०२१ सकाळी ७ पर्यंत अत्यावश्यक कामाशिवाय घराबाहेर पडू नये. सदर वॉर्डातील बाधित भाग प्रतिबंधित क्षेत्र जाहीर करण्याबाबत प्रस्ताव सादर करण्यास ही सभा मान्यता देते." आवाहनाला कलम लागत नाही, म्हणून त्याला कोणी आव्हानही देत नाही.

कायदा_वाचा (७.२०)
सहमत. मास्कचा ५०० दंड घ्यायचा तर जिल्ह्याच्या आदेशात ग्रामपंचायतीला तो वसूल करायचा अधिकार दिला आहे का ते वाचा. दिला असेल तर पावती नमुना ७ (सामान्य पावती) वर, त्याच दिवशी रोकडवहीत. वहीच्या कागदावर "मिळाले" लिहून देऊ नका.

तहसील_कट्टा (७.३२)
आणि तालुका?

नवा_उपसरपंच (११.१५)
ग्रामसेवक आले, नोटीस काढली. आरोग्य केंद्रातून सांगितलं की यादी आशाताईंच्या सहीची पाहिजे, ते होऊन राहिलं. नकाशावर पोलीस पाटलांची सही डावीकडे घ्यायची की उजवीकडे?

निवृत्त_विस्तार_अधिकारी (११.२२)
कुठेही घ्या. शिक्का मात्र वाचता आला पाहिजे, आणि नकाशावर उत्तर दिशा दाखवा.