मदत हवी आहे : डेबियनवर ‘.लोकल’ने संपणारे नाव सापडत नाही

नमस्कार मंडळी. फोंड्यातील आमच्या छोट्या कार्यालयात डेबियनचे (लिनक्सचा एक प्रकार) काही संगणक एकाच राउटरवर असून, ‘दफ्तर.लोकल’ या सर्व्हरचा पत्ता राउटरच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत) नोंदवलेला आहे. थेट डीएनएसला विचारणाऱ्या एनएसलूकअप या आज्ञेला तो लगेच मिळतो. पिंग आणि ब्राउझर मात्र नाव सापडत नसल्याचे सांगतात. होस्टनेम (संगणकाचे स्वतःचे नाव) आणि होस्ट्स फाइलमधील (नावे-पत्त्यांच्या स्थानिक यादीतील) १२७.०.१.१ ची ओळ जुळते, तेव्हा खोट तिथे नाही.

नावे कुठे व कोणत्या क्रमाने शोधायची हे एनएसस्विच.कॉन्फ ही फाइल ठरवते; माझा संशय तिच्यातील होस्ट्सच्या ओळीवर आहे: ‘फाइल्स’नंतर ‘एमडीएनएस४_मिनिमल’ (एमडीएनएस म्हणजे नेटवर्कवरील सर्व यंत्रांना एकदम, मल्टिकास्टने, नाव विचारण्याची पद्धत), लगेच ‘नॉटफाउंड=रिटर्न’ (न सापडल्यास तिथेच थांबा) आणि ‘डीएनएस’ त्याच्याही मागे, म्हणजे ‘.लोकल’ची चौकशी डीएनएसपर्यंत पोचतच नसावी. एनएसलूकअप ही फाइल वाचतच नाही, म्हणून त्याचे निभावते. २०१३ च्या आरएफसी ६७६२ या इंटरनेट-मानकानुसार ‘.लोकल’ मल्टिकास्टसाठी राखीव असल्याने क्रम बदलणे मला निव्वळ मलमपट्टी वाटते. शिवाय आमचा प्रिंटर एमडीएनएसवरच सापडतो, आणि तो बिघडवण्याची हिंमत कार्यालयात कोणाचीच नाही.

तेव्हा सर्व नावे घरगुती नेटवर्कसाठी राखीव ‘होम.आर्पा’खाली न्यावीत, की कार्यालयासाठी खासगी वापराचे ‘.इंटर्नल’ बरे? आणि सर्च डोमेन (अर्धवट नावापुढे आपोआप जोडला जाणारा भाग) राउटरच्या डीएचसीपीतून (संगणकांना नेटवर्कची माहिती आपोआप देणाऱ्या सेवेतून) दिल्यास प्रत्येक संगणकावरील रिझॉल्व्ह.कॉन्फ ही डीएनएसच्या मांडणीची फाइल हाताने बदलण्याची गरज उरणार नाही ना? ज्यांनी असा बदल केला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.