जुनी गाडी घ्यायचीये, बजेट तोकडं, काय काय बघू?

नमस्कार मंडळी,

इकडे येऊन सहा महिने झाले, आत्तापर्यंत बसवर भागवत होतो पण आता ऑफिस लांब गेलंय आणि बायकोची शिफ्ट पहाटेची, त्यामुळे गाडी घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, बजेट अगदीच बेताचं आहे, दहा-बारा वर्षं जुनी गाडीच बसेल त्यात. सध्या दोन हेरून ठेवल्यात. एक छोटी हॅचबॅक, मॅन्युअल, १,४०,००० किलोमीटर झालेत, एकच मालक, सर्व्हिसची बिलं ठेवलीत म्हणतो. दुसरी मोठी सेडान, एकदम भारी ब्रँड, ऑटोमॅटिक, लेदर सीट, सनरूफ, ९०,००० च चाललीये आणि किंमत जवळपास तेवढीच!! फोटोत तर कालच शोरूममधून काढल्यासारखी दिसते. खरं सांगायचं तर जीव सेडानमध्ये अडकलाय. मला गाडी चालवता येते, बाकी त्यातलं ओ की ठो कळत नाही, बॉनेट उघडलं की मला फक्त "इंजिन" दिसतं. बघायला जाईन तेव्हा काय तपासू, काय विचारू?

– नवीन सभासद

*

अरे, जीव अडकू दे, पैसे नको अडकवूस. 🙂

सगळं बजेट गाडीच्या किमतीत घालायचं नाही. पाचवा हिस्सा तरी बाजूला काढ आणि तो नाहीच असं समज. जुनी गाडी पहिल्या तीन महिन्यांत काही ना काही मागतेच, टायर म्हण, बॅटरी म्हण, ब्रेक पॅड म्हण. आणि ती सेडान आज स्वस्त मिळतीये म्हणून तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत, ते नव्या गाडीच्याच भावात येतात. घेण्याआधी दोन्ही गाड्यांचं इन्शुरन्स कोटेशन काढ, सर्व्हिसला काय घेतात ते दोन ठिकाणी फोन करून विचार, मग बघ जीव कुठे अडकतोय ते.

– खजिनदार ताई

*

अरे बाळ,

ताईंनी पैशाचं सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो. तीस वर्षं गाड्यांखाली उताणा पडून काढलीत, आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून लिहून पाठवतोय, लांबलं तर सांभाळून घे.

पहिली गोष्ट, विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून सांग की मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. आणि पोचल्या पोचल्या, नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी, बॉनेटवर तळहात ठेव. गार लागलं पाहिजे. गरम इंजिन सगळी पापं पोटात घालतं. स्टार्टर किती वेळ फिरवावा लागतो, सुरू होताना टकटक येते का, तेल वर चढल्यावर ती थांबते की तशीच राहते, आणि सायलेन्सरमधून काय बाहेर येतं, हे इंजिन गार असताना पहिल्या स्टार्टलाच कळतं, नंतर नाही. तू चावी फिरव आणि बायकोला मागे उभी कर. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल खातंय. सुरू करताना एकच भपका आला आणि गेला तर बहुतेक व्हॉल्व्ह सील, पण रेस केल्यावर येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, म्हणजे इंजिन खोलायचं काम. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, ते बऱ्याचदा फिल्टर नाहीतर सेन्सरवर निभावतं. गारठ्यात पांढरी वाफ सगळ्याच गाड्यांना येते, पण इंजिन पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास येत राहिला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत जळतंय, हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) गेलं समज आणि परत फिर, किंमत निम्मी केली तरी.

चावी फिरवायच्या आधीच कूलंटची टाकी उघडून बघायची (गरम इंजिनवर हे झाकण कधीही उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं). कूलंटचा रंग कुठलाही असू दे, वर तेलाचा तवंग नको आणि गंजाचं तांबडं पाणी नको. मग ऑइलचं झाकण काढून उलटं कर. आतून फिकट पिवळसर फेस धरला असेल तर तेलात पाणी जात असेल. आता यात एक गोम आहे, रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या चांगल्या गाडीलाही थंडीत झाकणाखाली असा फेस येतो, म्हणून डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढून तिथेही तेच दिसतंय का ते बघायचं, उगाच एका झाकणावरून गाडीला फाशी द्यायची नाही.

पत्रा दिवसाउजेडी आणि कोरडा असताना बघ. ओली गाडी कुठलीही छानच दिसते. टायरपाशी उकिडवा बस आणि पत्र्यावरून तिरकं बघ, समोरच्या भिंतीचं प्रतिबिंब एका जागी वाकडं झालं की तिथे लांबी (खड्डा बुजवायची पुटी) भरलीये. छोटा मॅग्नेट रुमालात गुंडाळून फिरव, जाड लांबीवर तो धरत नाही (प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमवर तसाही धरत नाही, तिथे घोळ घालू नकोस). दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टांवरचा रंग पान्याने उडालाय का, एक हेडलाइट पिवळट आणि दुसरा चकचकीत तर नाही ना. गाडी ठोकलेली असणं हा काही गुन्हा नाही, लपवणं आहे. म्हणून तुला दिसलंय हे न सांगता आधी विचार, "कधी लागली होती का?" आणि मग गप्प बस.

गंज दाराखालच्या पट्टीला आणि चाकाच्या कमानीला हात लावून बघ. रंगाखाली फुगवटा आला असेल तर गंज आतून बाहेर आलाय, वरून दिसतो त्याच्या चौपट आत असतो. गाडीखाली सगळीकडे नुकताच काळा थर मारलेला दिसला तर तो कशावर मारलाय ते विचार.

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर पण टायर दहा वर्षांचे, तर ते टाकाऊच. आतल्या कडेनेच झिजलेत तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शन. चारही टायर चार कंपन्यांचे आणि त्यातही सगळ्यात स्वस्त असतील तर बाकीचा खर्चही त्याने तसाच केलाय.

चालवताना रेडिओ बंद, काचा खाली, कमीत कमी अर्धा तास. रिकाम्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरव, कटकट वाजलं तर सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा). वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ, जी वळणावर बदलते, ती व्हील बेअरिंग. ब्रेक मारताना स्टेअरिंग थरथरलं तर डिस्क. मॅन्युअलला वरच्या गिअरमध्ये कमी वेगाला जोरात रेस दे, आरपीएम चढले आणि गाडी तिथेच तर क्लच संपत आलाय. ऑटोमॅटिकला रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकल्यावर दीड-दोन सेकंद थांबून धक्का बसला तर मी तरी हात लावणार नाही.

– गॅरेजवाले काका

*

काका, मान राखून सांगतो, आजकाल एवढं कोण बघतं. डीलरकडून घ्यायची, ते शेकडो पॉइंट तपासून सर्टिफिकेट देतात, वर वॉरंटी. मी तशीच घेतली, डोक्याला ताप नाही.

– एक जुना सभासद

*

वॉरंटीचा कागद वाचलात का पूर्ण? माझ्याकडच्यात क्लच, ब्रेक, बॅटरी, सस्पेन्शनचे रबर सगळं "झीज होणारे भाग" म्हणून वगळलं होतं, म्हणजे जुन्या गाडीत जे जातं तेच नेमकं. तपासणारा विकणाऱ्याचा पगारी, हे विसरायचं नाही. डीलरकडे जरूर जा, पण मेकॅनिक आपला आण.

बाकी नवीन सभासदाला, कागदांचंही बघ. चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो, त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात (१ आणि ० शी गल्लत नको म्हणून). काचेखालचा, दाराजवळच्या स्टिकरवरचा आणि कागदावरचा नंबर एकेक अक्षर जुळव. कागदावर नाव समोरच्याचंच आहे का? "मित्राची आहे, मी फक्त विकून देतोय" असं म्हणाला तर मित्राला बोलवा म्हणावं. गाडीवर कर्ज बाकी नाही ना, तेही. आणि तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकून रिकॉल बाकी आहे का बघ. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं आठवत असेल, उष्ण दमट हवेत वर्षानुवर्षं राहून त्यातलं अमोनियम नायट्रेट बिघडतं आणि एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे उडतात, माणसं गेलीत त्यात. जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या, तुझ्या बजेटातल्या वयाच्या बऱ्याच गाड्या त्यातल्याच. बदलून फुकट देतात पण कितीतरी मालक जातच नाहीत.

– खजिनदार ताई

*

सर्वांचे खूप आभार. काल दोन्ही बघून आलो, रिपोर्ट देतो.

आधी सेडान. काकांनी सांगितल्याप्रमाणे फोन केला होता, तरी पोचलो तर बॉनेट चांगलंच तापलेलं. म्हणाला, तुमच्यासाठी आत्ताच धुऊन आणली. बरं म्हटलं. आत बसलो तर वास इतका सुगंधी की डोळे चुरचुरले, तीन-तीन फ्रेशनर लावलेले. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं, एका कोपऱ्यात तर खालचं लोखंड दिसत होतं, आणि मीटरवर ९०,०००. मग का कोण जाणे, मी सीट बेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. वरचा भाग स्वच्छ, आणि जो एरवी आत गुंडाळलेला असतो तिथे आडवी तपकिरी रेघ, तिच्या खालचा पट्टा कडक आणि मळकट. सीटखाली मोबाइलचा टॉर्च मारला तर रेल गंजलेले. बायको बाहेरूनच खुणावत होती, चल म्हणून. शिवाय ऑफिसातल्या मित्राने ते छोटं ब्लूटूथ स्कॅनर दिलं होतं, ते डॅशबोर्डखाली लावलं तर एरर एकही नाही पण बरेचसे मॉनिटर "नॉट रेडी". याचा अर्थ काय, ते नाही कळलं.

हॅचबॅक. बॉनेट गार. पहिल्या फटक्यात सुरू झाली, धूर नाही. दिसायला अगदीच साधी, मागच्या बंपरला ओरखडे, छताचा रंग उडालाय. मालकीणबाई वयस्कर, त्यांनी एक फाइल काढून दिली, त्यात ऑइल बदलल्याची प्रत्येक पावती तारखेने लावलेली. फक्त टायमिंग बेल्टची पावती नाही, त्या म्हणाल्या बहुतेक बदललाय. वळताना कटकट नाही, पण खड्ड्यात पुढून डावीकडे ठक असा आवाज येतो.

– नवीन सभासद

*

शाब्बास रे!! बेल्ट ओढलास इथेच तू पास झालास.

ती सेडान पुराच्या पाण्यात उभी होती, रेघ जिथे आहे तिथपर्यंत. अशी गाडी आज चालते, उद्या चालते आणि मग वायरिंगच्या जोडांमध्ये गंज धरून रोज नवा दिवा लागतो, कुठलाही मेकॅनिक शोधता शोधता थकतो. किलोमीटर मागे केलेत, रबर खोटं बोलत नाही. आणि "नॉट रेडी" म्हणजे एरर नुकतेच पुसलेत, किंवा बॅटरी काढून लावली. गाडी दोन-चार दिवस नीट वेगवेगळ्या वेगात चालल्याशिवाय ते मॉनिटर (गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या तपासण्या करतो त्या) परत तयार होत नाहीत. तापवून ठेवली ती पण त्याच हिशोबाने. विषय संपला.

हॅचबॅकचं बोलू. "बहुतेक बदललाय" म्हणजे बदललेला नाही, असंच धरून चालायचं. हा बेल्ट इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवतो. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि गाडीच्या किमतीचं काम निघतं. कंपनी साधारण लाख-दीड लाख किलोमीटर किंवा ठराविक वर्षं सांगते, गाडीबरोबरच्या पुस्तकात असेल, बघ. आधी त्या मॉडेलला बेल्ट आहे की चेन तेही बघ, चेन असेल तर ती सहसा अशी ठराविक मुदतीने बदलावी लागत नाही. ठक म्हणजे स्टॅबिलायझर लिंक किंवा लोअर आर्मचा बुश (चाकाजवळचे सस्पेन्शनचे सांधे), घाबरण्यासारखं नाही, पण रॅम्पवर चढवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. बाईंना सांग, माझ्या खर्चाने तपासून घेतो. हो म्हणाल्या तर निम्मी तपासणी तिथेच झाली.

– काका

*

इलेक्ट्रिक का नाही बघत कोणी? पेट्रोलचा खर्चच नाही.

– एक जुना सभासद

*

या बजेटात येणाऱ्या जुन्या इलेक्ट्रिकमध्ये बॅटरी किती उरलीये हाच सगळा खेळ. जुन्या निसान लीफमध्ये मीटरशेजारी १२ छोट्या पट्ट्या असतात, त्या चार्जिंगच्या नाहीत, बॅटरीच्या तब्येतीच्या, एकदा गेली की परत येत नाही. तिच्या बॅटरीला पाण्याने थंड ठेवायची सोय नाही, त्यामुळे गरम हवेत राहिलेली गाडी लवकर थकते. घरी चार्जिंग आणि रोजचं अंतर कमी असेल तर वाईट नाही, पण याचं ऑफिस लांब आहे.

– ताई

*

झालं एकदाचं! बाई लगेच हो म्हणाल्या, उलट मेकॅनिकच्या इथे स्वतः गाडी घेऊन आल्या. रॅम्पवर चढवल्यावर डाव्या लोअर आर्मचा बुश फाटलेला दिसला, मागचे ब्रेक शू संपत आलेले, ब्रेक पाइपवर वरवरचा गंज पण आतून ठीक. बेल्टच आहे, चेन नाही, आणि कव्हर बाजूला करून बघितला तर कडांना दोरे सुटलेले, पाठीवर बारीक भेगा, मेकॅनिकने बोटाने वाकवून दाखवला, मलासुद्धा कळलं इतकं स्पष्ट. तिन्ही कामांचा अंदाज कागदावर घेतला आणि बाईंसमोर ठेवला, घासाघीस करायला मला जमत नाही, नुसता ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि बेल्टचा पूर्ण खर्च आणि बाकीच्याचा निम्मा किमतीतून कमी केला.

ताई, पाचवा हिस्सा पुरला नाही, चौथा लागला, दोन टायर पण घेतले.

– नवीन सभासद

*

बेल्टबरोबर वॉटर पंप बदललास ना? तो बेल्टवरच फिरत असेल तर मजुरी तीच पडते, नंतर केलास तर सगळं परत खोलावं लागेल.

– काका

*

बदलला काका. मेकॅनिकने जुना पंप हातात दिला, बोटाने फिरवला की खरखर वाजतो. बायको म्हणते फेकून दे, पण सध्या माझ्या टेबलावर आहे, इंजिन सोडून गाडीतली दुसरी एक वस्तू आता मला ओळखता येते.