सोशल मीडियाचा 'वापर' मोजायचा म्हणजे नेमकं काय मोजायचं?

नोंदवही (धागाकर्ता)
'मुलं रोज इतके तास सोशल मीडियावर असतात' असं वाचलं की मी आधी शोधतो, हे मोजलं कसं? बहुतेक वेळा लोकांनाच विचारलेलं असतं. 'गेल्या आठवड्यात रोज सरासरी किती वेळ?' आणि पुढे चार-पाच पर्याय. जो माणूस दिवसभर घडीघडी अर्धा मिनिट फोन बघून खाली ठेवतो, त्यानं कोणत्या पर्यायावर खूण करायची?

२०२१ साली 'नेचर ह्यूमन बिहेवियर'मध्ये पॅरी आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. लोकांनी सांगितलेला वापर आणि उपकरणात नोंदलेला वापर यांचा सहसंबंध जेमतेम ०.३८ निघाला. दोन्ही तंतोतंत जुळले असते तर तो १ आला असता. 'व्यसना'च्या प्रश्नावल्यांचा नोंदींशी संबंध तर याहूनही कमी. फेसबुकच्याच संशोधकांनी २०२० मध्ये १५ देशांत ताडून पाहिलं, तर लोक वेळ जास्त सांगतात आणि फेऱ्या कमी सांगतात असं दिसलं.

असल्या तासांवर कायदे आणि बंदी बेतू नये, असं माझं ठाम मत आहे.

सडेतोड
अजिबात पटलं नाही. दारू किती पिता हे विचारलं तरी लोक कमीच सांगतात. म्हणून दारूनं यकृत बिघडतं हे कळायचं थांबलं का? ढोबळ मापातूनही दिशा कळते. आणि 'परिणाम नगण्य' म्हणणारे ज्याचा हवाला देतात, तो ऑर्बेन आणि प्रिझबिल्स्की यांचा २०१९ चा अभ्यास घ्या. किशोरांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी फार तर ०.४ टक्के फरक डिजिटल वापराशी जोडता येतो, असं तो सांगतो. तोही मुलांनी स्वतः सांगितलेल्या वापरावरच उभा आहे. माप कच्चं असेल तर दोन्ही बाजूंना कच्चं. अचूक मोजणीची वाट बघत बसलं तर फायदा फक्त कंपन्यांचा.

नोंदवही
०.४ टक्क्यांचा मुद्दा रास्त आहे, मीही तो आकडा पुढे करणार नाही. पण दारूचं उदाहरण इथे लागू होत नाही. सगळेच थोडंफार चुकत असते तर संबंध फिका दिसला असता, एवढंच. इथे भीती वेगळी आहे. मनानं खचलेल्या मुलीला आपण फोनवर फारच वेळ घालवतो असं वाटत असेल, तर ती आकडा वाढवून लिहील. मग तक्त्यात 'जास्त वापर' आणि 'जास्त उदासी' हातात हात घालून येतील, प्रत्यक्ष वापर तेवढाच असला तरी.

उंबरा
विचारू नका, फोनमधूनच घ्या ना आकडे! २०१८ पासून आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम' आहे, अँड्रॉइडवर 'डिजिटल वेलबीइंग' आहे.

नोंदवही
तो तक्ता एकदा नीट उघडून पाहा. ब्राउझरमधून इन्स्टाग्राम पाहिलं तर अ‍ॅपच्या यादीत तो वेळ क्रोमच्या नावावर चढतो. व्हिडिओ चालू ठेवून माणूस खोलीबाहेर गेला तरी मिनिटं मोजली जातातच. धाकट्या भावानं फोन घेतला तरी खातं मोठ्याचंच. शिवाय त्याच चाळीस मिनिटांत कुणी मैत्रिणीला धीर दिला असेल, कुणी अनोळखी लोकांचे फोटो बघून स्वतःला कमी लेखत बसलं असेल. तक्त्यात दोघांची चाळीसच.

आणि सोशल मीडिया म्हणायचं कशाला? ऑस्ट्रेलियानं १६ वर्षांखालच्यांना खाती ठेवायला बंदी घातली, ती १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाली. यूट्यूबला आधी सूट मिळणार होती, नंतर ते यादीत आलं. व्हॉट्सअ‍ॅप बाहेरच राहिलं. शेकडो जणांचे ग्रुप आणि चॅनेल तिथेही आहेतच की.

पडदानशीन
मला धास्ती दुसऱ्याच गोष्टीची आहे. स्टॅनफर्डच्या 'स्क्रीनोम' प्रकल्पात संमती दिलेल्या लोकांच्या पडद्याचं चित्र दर पाच सेकंदांनी टिपलं जातं. माप म्हणून उत्तम, पण समोरून निरोप पाठवणाऱ्यानं कुठे संमती दिली होती? त्याचं बोलणंही त्या चित्रात आलंच.

सडेतोड
म्हणूनच कंपन्यांकडून नोंदी मागायला हव्यात. सगळं त्यांच्याकडे पडून आहे. सार्वजनिक पोस्ट कशा पसरतात हे दाखवणारं, संशोधकांच्या कामाचं 'क्राउडटँगल' हे साधन फेसबुकच्या मालक कंपनीनं, मेटानं, ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केलं. युरोपच्या डिजिटल सेवा कायद्याच्या ४० व्या कलमानं पात्र संशोधकांना मोठ्या कंपन्यांकडे माहिती मागता येते. तसा हक्क सगळीकडे मिळाला पाहिजे. पण तोवर पालकांनी काय करायचं, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

नोंदवही
कलम ४० बाबत शंभर टक्के सहमत. पालकांनी तास मोजण्यापेक्षा काय हुकतंय ते बघावं. सगळ्यात आधी झोप.

सडेतोड
झोपही विचारूनच मोजणार ना?

नोंदवही
नुसतं विचारून नाही. झोपेच्या अभ्यासांत मनगटावर अ‍ॅक्टिग्राफ बांधतात, तो हालचालीवरून झोपेचा अंदाज देतो. तो अंदाज आणि फोनच्या रात्रीच्या नोंदी शेजारी ठेवता येतात. असे अभ्यास वाढले तर मी माझं मत पुन्हा तपासायला तयार आहे.

सडेतोड
तोपर्यंत रात्री फोन खोलीबाहेर ठेवा असंच मी सांगणार. त्यासाठी ०.३८ चा ०.९ व्हायची गरज नाही.