पोस्टग्रेस: सी फंक्शनची पहिली ओळ बरोबर, दुसऱ्या ओळीला क्रॅश

प्रश्न
पोस्टग्रेस (डेटाबेस) १६ साठी सीमध्ये, एकाहून जास्त ओळी परत देणारं फंक्शन (एसआरएफ) लिहिलंय; सर्व्हर ते दर ओळीला एकदा बोलावतो. टेक्स्ट घेतं, स्वल्पविरामावर तोडतं आणि क्रमांक व तुकडा अशा दोन कॉलमच्या ओळी देतं. पहिली ओळ बरोबर येते, पुढच्या कॉलला कधी कचरा, कधी सिग्नल ११ (चुकीच्या मेमरीला हात लावल्याचा क्रॅश). एसआरएफ_फर्स्टकॉल_इनिट() नंतर लगेच स्ट्रक्ट पॅलॉक करून (पोस्टग्रेसची मेमरी घेऊन) यूजर_एफसीटीएक्स मध्ये, म्हणजे दोन कॉलांमध्ये माहिती जपायच्या पॉइंटरमध्ये, ठेवलाय. पॉइंटर तोच राहतो, मग आतला मजकूर का बिघडतो?

उत्तर १
पॉइंटर उरतो, मेमरी जाते. कॉलच्या वेळचा चालू कॉन्टेक्स्ट (पॅलॉक ज्यातून मेमरी घेतं तो गट) तात्पुरता असतो, दोन कॉलांच्या मध्ये रिकामा होतो. इनिट मॅक्रो तो बदलून देत नाही. मेमरीकॉन्टेक्स्टस्विचटू() ने मल्टी_कॉल_मेमरी_सीटीएक्स मध्ये (सगळे कॉल होईपर्यंत टिकणाऱ्या कॉन्टेक्स्टमध्ये) जा, मग पॅलॉक करा आणि काम झालं की जुन्या कॉन्टेक्स्टमध्ये परत या.

टेक्स्ट अर्ग्युमेंट घेणारा पीजी_गेटआर्ग_टेक्स्ट_पीपी() सुद्धा स्विच केल्यावरच. टेबलमधला लांब, कॉम्प्रेस झालेला मजकूर डीटोस्ट होऊन (पुन्हा उलगडून) नवी प्रत बनते, ती तात्पुरत्या कॉन्टेक्स्टमध्ये नको. 'अ,ब,क' वर टेस्ट केली तर हे कधीच पकडलं जाणार नाही.

ट्यूपलडिस्कही (ओळीच्या कॉलमांचं वर्णन) तिथेच, ब्लेसट्यूपलडिस्क() ने नोंदवून. नाहीतर 'रेकॉर्ड टाइप हॅज नॉट बीन रजिस्टर्ड' ही एरर येऊ शकते.

उत्तर २
खात्री करायला सर्व्हर --एनेबल-सीअसर्ट (जास्तीच्या तपासण्या) ने बिल्ड करा. मोकळी केलेली मेमरी ७एफ बाइट्सनी भरली जाते, जीडीबी या डीबगरमध्ये ७एफ७एफ७एफ७एफ दिसलं की मोकळी केलेली मेमरी वाचली जातेय हे कळतं, प्रश्न मिटला.

प्रश्नकर्ता
चाललं, आभार. आता हेच फाइलमधून वाचायचंय. ओळी संपल्याचं सांगणाऱ्या एसआरएफ_रिटर्न_डन() च्या आधी फाइल बंद केली तर पुरे ना?

उत्तर १
नाही. फंक्शन सिलेक्टच्या यादीत असेल आणि लिमिट ५ लावली, तर पाच ओळींनंतर कोणी बोलावतच नाही. डनची ओळ गाठलीच जात नाही, फाइल उघडीच. फ्रॉममध्ये मात्र फंक्शन शेवटपर्यंत चालतं, निकाल आधी ट्यूपलस्टोरमध्ये (ओळींच्या तात्पुरत्या साठ्यात) जातो, म्हणून तिथे सगळं आलबेल वाटतं. (लिमिटमुळे तिथे काम वाचेल ही आशाही सोडा.)

फाइलसाठी मटेरियलाइझ मोडच (सगळ्या ओळी एकदम साठ्यात भरून देणं) बरा: इनिटमटेरियलाइझ्डएसआरएफ(), मग दर ओळीला ट्यूपलस्टोर_पुटव्हॅल्यूज(), फाइल बंद, शेवटी शून्य डेटम (पोस्टग्रेसचा मूल्याचा सामान्य प्रकार) परत. सगळं एकाच कॉलमध्ये. डेटा वर्क_मेमच्या (मेमरीची ठरवलेली मर्यादा) बाहेर गेला तर डिस्कवर उतरतो. फाइल अलोकेटफाइल() ने उघडा, मध्येच एरर आली तर ट्रान्झॅक्शनबरोबर तीही बंद होते.

उत्तर २
क्रिएट फंक्शनमध्ये रोज (ROWS, म्हणजे अंदाजे किती ओळी येतील) हेही द्या. नाहीतर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) १००० ओळी धरून चालतो आणि जॉइनची निवड फसते.